पुसण्यासाठी काढलेली चित्रे

मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत पालघर मागे पडले, की उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड अशी स्टेशने एकामागून एक येतात. बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकाठी तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. १९६९ पासून तेथे वीज तयार होते. पूर्वेस डोंगरांच्या पायथ्याशी वारल्यांचे पाडे पसरले आहेत. आज शहरातल्या दिवाणखान्यात जी वारली चित्रे आपण हौसेने लावतो, त्यांचे माहेर हेच.

त्या पाड्यांतील जुनी घरे कारवीच्या कुडाची. कुडावर शेणामातीचा लेप, त्यावर गेरूचा हात, आणि तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले, की कुंचला तयार! लग्नघरात सवाशिणी याच सामग्रीने 'चौक' लिहितात. मधोमध पालघट देवी आणि सभोवार झाडे, पशुपक्षी, नाचणारी माणसे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, की झाला माणूस.

हा चौक जपून ठेवण्यासाठी नसतोच मुळी. धुराने, पावसाळी ओलीने तो विटतो. पुन्हा भिंत सारवली, की नाहीसा होतो. त्याचे दुःख कुणी करीत नाही. पुढच्या लग्नात तो पुन्हा लिहिला जातो. कारण त्याची आठवण भिंतीत नसते, म्हातारीच्या बोटांत असते, आणि शेजारी बसून पाहणाऱ्या पोरीच्या डोळ्यांत उतरत असते.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांत हिंडले आणि त्यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तो कागद आपलासा केला. बायकांच्या हातची ही कला एका पुरुषाने उचलली आणि लग्नाच्या चौकटीबाहेर नेली. शेणाने सारवलेल्या कापडावर त्यांनी भाताची कापणी, मुंग्यांची वारुळे, कोळ्याचे अफाट जाळे, असे आयुष्यभर डोळ्यांत साठलेले सारे उतरविले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन भरले. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीने त्यांची चित्रे मांडली गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. सदाशिव व बाळू या मुलांनीही हाच वसा घेतला.

कागदामुळे चित्र टिकले, चित्रकाराला नाव मिळाले, चार पैसेही मिळाले. हे चांगलेच झाले. पण ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिल्या, त्यांची नावे कुठे आहेत? आणि कुडाच्या जागी सिमेंटची भिंत आली, चहाच्या पेल्यावर आणि पडद्यावर छापील त्रिकोण आले, तर त्या पोरीने काय पाहून शिकावे? चित्र जपणे सोपे आहे. हात जपणे कठीण.

वाचकहो, हा प्रश्न काही फक्त पाड्यावरचा नाही. आपल्या आजीची ठिपक्यांची रांगोळीही अशीच रोज सकाळी पुसली जाई आणि रोज नव्याने उमटे. आता बाजारात तिची चिकटवायची तयार चित्रे मिळतात. यंदाच्या दिवाळीत ती उंबऱ्यावर लावण्याआधी घरातल्या लेकीला, आणि हो, लेकालाही, चिमूटभर रांगोळी देऊन आजीशेजारी बसवा. रेघ वाकडी आली तरी चालेल.