थांबण्याइतका वेळ
माणूस माणसाशी : लेखांक ६

पावसाळ्यातली सकाळ होती. साताऱ्याहून पुण्याला येताना शिरवळच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक दुचाकी आडवी पडलेली दिसली. शेजारी एक जण पाय धरून बसला होता आणि त्याच्याभोवती तिघं-चौघं उभे होते. मी गाडीचा वेग कमी केला, काच खाली घेतली, ‘आहेत की लोक’ असं स्वतःशीच म्हटलं आणि पुढे निघालो. दहा वाजता बैठक होती. ती साडेदहाला सुरू झाली.

मागच्या लेखांकात कीव आणि कणव यांतला फरक पाहिला होता. तो लिहून चारच दिवस झाले होते, म्हणून हा प्रसंग जरा जास्तच टोचला. मनात कणव नव्हती असं नाही, ती पार शिरवळ ओलांडेपर्यंत होती. पण गाडी काही थांबली नाही. का थांबली नाही, याची माझ्याकडे दोन कारणं होती : लोक आहेत आणि उशीर होतोय. पुढे कळलं की या दोन्ही कारणांवर मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळे प्रयोग करून ठेवलेले आहेत.

पहिलं कारण ‘लोक आहेत’. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला फिट आल्याचे आवाज येऊ लागले. ते आवाज मुद्दाम आधी ध्वनिमुद्रित केलेले होते. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण फिट चालू असतानाच मदत मागायला बाहेर धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले तेवढ्या वेळात ३१ टक्केच उठले. उरलेले निवांत बसून होते असंही नाही. संशोधक खोलीत गेले तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांच्या हातांना कंप होता, आणि ‘तो बरा आहे ना?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. माया होती, पण पाच जणांत वाटली गेल्यावर एकेकाच्या वाट्याला फारच थोडी जबाबदारी उरली.

दुसरं कारण उशिराचं, आणि त्यावरचा प्रयोग मला जास्त बोचतो. त्या प्रयोगाचा आधार असलेला एक दाखला बायबलमध्ये लूककृत शुभवर्तमानात आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकून जातात. एक याजक त्याला पाहून पलीकडच्या कडेने निघून जातो, मंदिरात सेवा करणारा लेवीही तसाच जातो. ज्याला यहुदी लोक हलक्यातला मानत, तो शोमरोनी मात्र थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देतो.

डार्ली यांनी डॅनियल बॅटसन यांच्याबरोबर प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना निवडलं. म्हणजे हे उद्याचे धर्मोपदेशकच! शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचं, असं त्यांना सांगितलं. निम्म्यांचा विषय नोकरीच्या संधी हा होता, निम्म्यांचा विषय नेमका हा शोमरोन्याचा दाखला. वाटेतल्या बोळात एक माणूस दारात कोसळून कण्हत, खोकत पडला होता. तोही अर्थातच ठरवून बसवलेला. हे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्याकडे भरपूर वेळ होता त्यांतले ६३ टक्के थांबले, आणि ‘तुम्हाला उशीर झालाय, लवकर निघा’ असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता आहे याने फारसा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही जण तर घाईघाईत त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

विद्यार्थी एकूण ४०च होते, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. पण आपण एखाद्याला ‘निर्दय’ म्हणतो तेव्हा त्याचं घड्याळ पाहिलेलं नसतं, एवढं तरी यातून मान्य करावं लागतं.

आपल्याकडे या दोन्हींच्या जोडीला तिसरं कारण आहे, आणि ते प्रिन्स्टनमध्ये सापडणार नाही. ‘नसतं लचांड मागे लागेल’ हे ते कारण. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जखमीला उचलून दवाखान्यात नेलं की आधी ‘पोलीस केस आहे’ म्हणून अडवणार, मग जबाब, मग तारखा. वर ‘तूच धडक दिलीस ना?’ हा संशय आहेच. ‘सेव्ह लाइफ फाउंडेशन’ या संस्थेने २०१३ साली केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी आपण अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं होतं. त्यांतल्या बहुतेकांना भीती होती ती पोलीस आणि कोर्टकचेरीची. संस्थेचे संस्थापक पीयूष तिवारी यांचा नात्यातला भाऊ रस्ता अपघातात गेला होता, तोही बघ्यांच्या गर्दीत मदतीवाचून.

ही भीती बिनबुडाची नव्हती. ऐंशीच्या दशकात एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवलं. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं, तर ‘अशा केसेस आम्ही घेत नाही’ म्हणून २० किलोमीटर लांबच्या रुग्णालयात पाठवलं गेलं. तो वाटेतच गेला. ती बातमी घेऊन मानवी हक्क कार्यकर्ते परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ साली न्यायालयाने निकाल दिला की जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, कागदपत्रं नंतर. मात्र हा निकाल डॉक्टरांसाठी होता. जखमीला घेऊन येणारा माणूस आणखी पाव शतक उघड्यावरच राहिला. त्याच्यासाठी केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. कायद्यात त्या शोमरोन्याला ‘गुड समॅरिटन’ म्हटलंय.

करुणेसाठी कायदा लागावा, ही नामुष्की आहे असं माझे एक स्नेही म्हणतात. मला तसं वाटत नाही. माणसं बहुतेक भलीच असतात, त्यांच्या भलेपणाच्या वाटेत मात्र आपणच काटे पसरून ठेवलेले असतात. ते उचलायचे तर उपदेश कामाचा नाही, नियमच लागतात. देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं रस्त्यांवर गेली. त्यांतल्या किती जणांजवळून किती गाड्या वेग कमी करून, काच खाली घेऊन पुढे गेल्या असतील, याची मोजदाद कुठे होत नाही.

तेव्हा हे कात्रण गाडीच्या कप्प्यात ठेवा. रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर १०८ ला फोन करा. मानेला किंवा पाठीला मार असेलसं वाटलं तर त्याला हलवू नका, रुग्णवाहिका येईपर्यंत शेजारी थांबा. दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथे तुम्हाला अडकवून ठेवता येत नाही, पैसेही मागता येत नाहीत. पोलीस तुम्हाला साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत. आणि नाव विचारलंच, तर ते सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं.