नासिकाग्री उठणारे भोवरे

गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू या गावी 1908 साली जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राची दीक्षा घेऊन परतले, 1942 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत निघालेल्या विमानविद्येच्या विभागात आरंभीच्या अध्यापकांपैकी एक झाले, आणि 1951 साली आकाशात झेपावलेल्या ‘एचटी-2’ या प्रशिक्षण-विमानाचे शिल्पकार ठरले, ही हकीकत कोल्हापूर जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असावयास हवी होती.

पृष्ठभागाला लगटलेला हवेचा पातळ स्तर घर्षणाने मंदावतो आणि पुढे दाब वाढू लागताच पृष्ठभाग सोडतो, हे प्रांट्ल यांनी 1904 साली सांगितले होते. त्याचा सर्वांत विलक्षण दाखला निमुळत्या नाकाच्या सडपातळ पिंडापाशी, म्हणजे क्षेपणास्त्रापाशी किंवा लढाऊ विमानाच्या अग्रभागापाशी, मिळतो. असा पिंड वाऱ्याशी थोडाच कलता असेल, तर हवा विनातक्रार त्याला लगटून जाते. कोन वाढला, की पंचगंगेचे पाणी पुलाच्या खांबामागे भोवरे सोडते तशी पिंडावरून आडवी जाणारी हवा त्याच्या आडोशाच्या अंगास दोन सममित भोवरे सोडते. ‘एचटी-2’ उडाले त्याच साली अमेरिकेत ॲलन आणि पर्किन्स यांनी या आडव्या प्रवाहापासून पिंडावरील बलाचे गणित मांडले. परंतु कोन आणखी चढवला, तीक्ष्ण शंकूच्या बाबतीत त्याच्या अर्धशीर्षकोनाच्या सुमारे दुपटीपलीकडे नेला, म्हणजे एक भोवरा पिंडाशी राहतो, दुसरा दूर उचलला जातो, आणि वारा अगदी समोरून येत असताही पिंड एका कुशीस ढकलला जातो.

या पक्षपाताचे मूळ डोळ्यांना दिसत नाही. वातबोगद्यात नमुना दांड्यावर बसवून, कोन आणि वाऱ्याचा वेग तिळमात्रही न बदलता, त्यास केवळ स्वतःच्या अक्षाभोवती फिरवले, तर तराजूवर नोंदले जाणारे ते आडवे बल कमीअधिक होते, कित्येकदा डावीकडचे उजवीकडे जाते. म्हणजे दोष वाऱ्याचा नसून नासिकाग्रावर राहिलेल्या सूक्ष्म ओरखड्याचा वा वाकडेपणाचा असतो. गिरकीत सापडलेल्या किंवा नाक फार वर उचललेल्या विमानास हे बल वैमानिकाच्या हुकमाबाहेर नेऊ शकते, म्हणून टोक किंचित बोथट करणे, किंवा नाकाच्या दोन्ही अंगांस अरुंद पट्ट्या बसवून भोवऱ्यांचे उगमस्थान कायम करणे, हे उपाय योजतात. मात्र ते कागदावर ठरत नाहीत, बोगद्यातच कसास लागतात. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतील 1.2 मीटरचा बोगदा, ज्यात ध्वनीहून मंद आणि ध्वनीच्या चौपट अशा दोन्ही वेगांचा वारा खेळवता येतो, 1967 पासून या देशासाठी अशा परीक्षा घेत आला आहे.

इतक्या बिनचूक नासिका घडवण्यास जे हात लागतात, ते ऑइल इंजिनांचे भाग पिढ्यान्‌पिढ्या लेथवर उतरवणाऱ्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत, यात मला शंका नाही. जिल्ह्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी तेथे एक तीक्ष्ण शंकू करवून घ्यावा, लहानशा वातबोगद्यात तो फिरवून त्यावरील आडवे बल मोजावे, आणि ती वही घाटग्यांच्या नावे आपल्या महाविद्यालयाच्या दप्तरी दाखल करावी.