काचेखालचा समुद्र

अंदमानातील वंडूरहून जॉली बॉय बेटावर जाऊन आलेली कुटुंबे एका गोष्टीचे वर्णन हमखास करतात : काचेचा तळ असलेल्या नौकेतून पाहिलेली प्रवाळे. पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांनाही पाण्यात न उतरता हे वैभव पाहता येते. मात्र याच नौकेत अनेकांना मळमळू लागते.

तोल सांभाळणारे अंतःकर्ण नौकेचे हेलकावे टिपत असते. काचेवर खिळलेले डोळे मेंदूला निराळेच काही सांगत असतात. या विसंगतीतून मळमळ उद्भवते. म्हणून काचेतून थोडा वेळ पाहावे, मग मान वर करून क्षितिजाकडे दृष्टी लावावी. निघताना उपाशी राहू नये, तळकटही खाऊ नये. 2 ते 12 वर्षांच्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांना हा त्रास अधिक होतो.

प्रवासातील उलटीवरची गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते; उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. पण ती निरुपद्रवी समजू नये. माझ्या एका वयोवृद्ध रुग्णाने सहप्रवाशाने दिलेली अशी गोळी घेतली. प्रोस्टेट ग्रंथी आधीच वाढलेली होती. रात्री लघवी पूर्णपणे अडली आणि परक्या गावी नळी घालून घ्यावी लागली. प्रोस्टेटचा विकार वा काचबिंदू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना ही गोळी घेऊ नये.

तिकिटे काढतानाच हे विचारून घ्यावे. नौकेत बसल्यावर फक्त समुद्र पाहावा.