काइटसर्फिंगचा क्लास परदेशात लावताय? आधी वारा बघा, मग हॉटेल

मोबाइलवर रील्स बघून हल्ली घराघरात एक हट्ट सुरू झालाय. "अब्बू, या सुट्टीत काइटसर्फिंग शिकायचंय!" आखातात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना इजिप्त आणि श्रीलंका विमानाने काही तासांवरच आहेत. त्यामुळे सहल ठरते, हॉटेल बुक होतं आणि क्लासचं मात्र "तिथे गेल्यावर बघू" असं होतं. चूक इथेच होते. हा खेळ वाऱ्याच्या ताकदीवर चालतो आणि मुलाची सुरक्षितता जागेवर व शिक्षकावर अवलंबून असते.

खेळ नेमका काय आहे?

हवा भरलेला मोठा पतंग, त्याला साधारण २० ते २४ मीटरच्या दोऱ्या, कमरेला हार्नेस आणि पायाखाली फळी. पतंग ओढतो आणि आपण पाण्यावरून सरकतो. शिकताना आधी किनाऱ्यावर छोटा पतंग हाताळायचा, मग फळीशिवाय पाण्यात पतंगाच्या ओढीने सरकायचं आणि त्यानंतरच फळीवर उभं राहायचं. एवढ्याला साधारण ९ ते १२ तास लागतात, म्हणजे तीन-चार दिवस. पहिल्याच दिवशी रीलसारखं काही होणार नाही, हे मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवा.

जागा कशी निवडायची?

तीन गोष्टी विचारा: वारा कुठून येतो, किती जोराचा असतो आणि पाणी किती खोल आहे.

जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, ज्याला आपल्याकडे मतलई म्हणतात, तो नवख्यासाठी धोक्याचा. दोरी सुटली किंवा पोरगं दमलं, तर तो खोल पाण्याकडे नेतो. किनाऱ्याला तिरका लागून आत येणारा वारा चांगला. वेग साधारण १२ ते २० नॉट, म्हणजे ताशी २२ ते ३७ किलोमीटर असावा. पाणी कमरेइतकं आणि सपाट असलं, की पडल्यावर उभं राहता येतं.

इजिप्तमध्ये हुरघाडाजवळचं एल गुना यासाठी प्रसिद्ध आहे. लाल समुद्राचा तिथला किनारा उथळ आहे आणि उन्हाळ्यात वारा भरवशाचा असतो. श्रीलंकेत कल्पिटियाची खाडी आहे. तिथे मे ते सप्टेंबर वारा जोराचा असतो, तर डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत थोडा सौम्य. पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांना हिवाळ्याचा हंगाम सोपा जातो. मोरोक्कोतलं एस्साविरा शहर सुंदर आहे, पण तिथे वारा जोराचा, लाटा आणि पाणी थंड. पहिल्या क्लाससाठी ते नको.

शिक्षकाला काय विचारायचं?

आयकेओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र आहे का? शाळेचं नव्हे, तुमच्या मुलाला शिकवणाऱ्या माणसाचं. एका शिक्षकामागे दोनपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि बचाव बोट हवीच. मुलाचं वजन आधीच कळवा, कारण पतंगाचा आकार वजन आणि वारा पाहून ठरतो. फार हलक्या मुलांना बऱ्याच शाळा घेत नाहीत. मुलाला पोहता येत नसेल, तर आधी पोहण्याचा क्लास लावा.

हार्नेसजवळ पतंगाची ताकद क्षणात सोडून देणारी एक कळ असते. पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलाला म्हणा, "डोळे मिटून दाखव, कळ कुठे आहे?" हात चाचपडला, तर दुसऱ्या दिवशी शिक्षकाला पुन्हा तोच सराव घ्यायला सांगा.

मुली मागे राहू नयेत

बऱ्याचदा भाऊ पाण्यात आणि बहीण किनाऱ्यावर त्याचे व्हिडिओ काढत बसलेली असं चित्र दिसतं. कपड्यांचा प्रश्न खरं तर सहज सुटतो. पूर्ण बाह्यांचा वेटसूट, किंवा अंगाबरोबर बसणारी बुर्किनी आणि लेगिंग्ज चालतात. उन्हापासूनही बचाव होतो. सैल कापड मात्र नको, ते हार्नेसमध्ये अडकतं. डोक्याला बिनपिनेचा स्पोर्ट्स हिजाब घालून त्याची टोकं आत खोचावीत.

दुसरा प्रश्न शिक्षकाचा. सुरुवातीला शिक्षक मागून हार्नेस धरून उभा राहतो. महिला शिक्षक हवी असेल, तर बुकिंगच्या वेळीच लेखी मागा. ऐनवेळी मिळेलच असं नाही.

नमाज आणि जेवण

वारा बहुतेक ठिकाणी दुपारी वाढतो, म्हणजे जुहर आणि असरच्या वेळा क्लासमध्ये येऊ शकतात. तासांची वाटणी आधी ठरवून घ्या. इजिप्तमध्ये हलाल जेवणाची अडचण नाही. कल्पिटियातही मुस्लिम वस्ती आणि मशिदी आहेत, पण कॅम्पच्या स्वयंपाकघराची चौकशी वेगळी करा.

पैसे भरण्याआधी

वारा नसलेल्या दिवसाचे पैसे परत मिळतात का? सामान फाटलं तर भरपाई कोणाची? प्रवास विम्यात हा खेळ धरलाय का? अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. जवळचं हॉस्पिटल किती लांब आहे, हेही विचारा. परतीच्या आधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे बुडालेला तास भरून काढता येईल.

आणि एखाद्या सकाळी शिक्षक म्हणाला, "आज वारा ठीक नाही, मुलांना पाण्यात घेत नाही," तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. असाच शिक्षक आपल्याला हवा होता.