घरची बिअर आणि फुटणारी बाटली

उन्हाळ्यात इडलीचे पीठ रात्रीतून पातेल्याबाहेर येते. ओटा पुसला की भागते. असेच आंबणे बंद बाटलीत झाले, तर काच फुटून डोळाही गमवावा लागू शकतो.

अमेरिकेत १९७९ पासून घरी पिण्यापुरती बिअर बनवायला केंद्रीय कायद्याने मुभा आहे. अनेकांचा तो छंदच आहे. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या गोड पाण्यात हॉप्सची फुले उकळतात आणि गार झाल्यावर यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. भांड्यातला वायू निघून जातो. फेसासाठी बाटल्या भरताना लिटरमागे साधारण ६ ग्रॅम साखर घालतात. त्यातून सुमारे ३ ग्रॅम वायू बनतो. तेवढा चांगली बाटली सोसते. पण मूळ साखर संपण्याआधीच बाटल्या भरल्या, तर दाब वाढत जातो.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले असे नाही. म्हणून जाणकार हायड्रोमीटरने घनता मोजतात. दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला, तरच बाटल्या भरतात. बाटल्या निर्जंतुकही हव्यात. काही जंतू यीस्टने सोडलेली साखरही खातात आणि बाटली काही आठवड्यांनी फुटते.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणे गुन्हा आहे. क्राफ्ट बिअर चाखणाऱ्यांनीही लेबल वाचावे. अल्कोहोल ४ टक्के असेल किंवा १० टक्केही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्य कर्करोगकारक असल्याचे १९८८ मध्येच जाहीर केले आहे. घरची बिअर त्याला अपवाद नाही.