सोळाशेचं गणित एकवीस किलोमीटरला लागू पडत नाही

जालना जिल्ह्यात पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारं पोरगं दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'भरतीची तयारी का?' प्रश्न चुकीचा नसतो. जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे. अंबड, मंठा, भोकरदनकडच्या पोरांना पोलीस शिपाई भरतीतल्या सोळाशे मीटरचं गुणपत्रक तोंडपाठ असतं: ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलात तर २० पैकी २० गुण. धावण्याबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती या सोळाशेतूनच आल्या आहेत. रोज पळायचं, दम तुटेस्तोवर पळायचं, पळून आल्यावर उलटी झाली तर सराव चांगला झाला. सोळाशेपुरतं त्यात थोडंफार तथ्यही असेल. पण तोच गडी नोकरीला लागून, लग्न होऊन, पस्तिशीत पोट सुटल्यावर हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवतो आणि सराव मात्र भरतीचाच करतो, तिथे घोळ होतो.

आधी अंतराचं. पाच किलोमीटरच्या प्रभातफेरीलाही आपल्याकडे 'मॅरेथॉन' म्हणतात. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, हाफ त्याच्या बरोबर निम्मी, म्हणजे २१.०९७५. हे अंतर आपल्या आवाक्याबाहेरचं आहे ही समजूत तर जालनेकरांनी धरूच नये. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणारे साधारण पंचवीस किलोमीटर चालतात, आणि त्यांत साठीच्या आज्याही असतात. अंतर पार होतं. अवघड असतो तो वेग.

वेग म्हणजे काय, हे बघायला शेजारच्या बीड जिल्ह्यात जावं लागेल. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळाला. राष्ट्रीय विक्रम झाला, तरी शर्यतीत त्याचा नंबर दहावा आला. पहिल्या आलेल्या इथिओपियाच्या अमदेवर्क वालेलेन्यची वेळ ५८:५३ होती. आता भरतीच्या भाषेत हिशेब करा. साबळेने त्या दिवशी प्रत्येक सोळाशे मीटर साधारण ४ मिनिटं ३५ सेकंदांत काढले, आणि असे तेरा सोळाशे एकामागून एक, मध्ये न थांबता. उलट बाजूने बघा: ५:१० च्या वेगात कुणी अख्खी हाफ पळाला तर तो १ तास ८ मिनिटांत पोचेल. मैदानावर २० पैकी २० गुण घेणारा पोरगा या वेळेच्या जवळपासही का येत नाही?

कारण दोन शर्यतींचं इंधन वेगळं. पाच मिनिटांच्या जोरात शरीर ऊर्जेचा काही वाटा ऑक्सिजनची वाट न बघता, उधारीवर काढतं. दीड-दोन तास उधारी चालत नाही. तिथे जवळजवळ सगळी ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच तयार व्हावी लागते. त्यासाठी स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट व्हावं लागतं आणि पेशींमधले ऊर्जेचे कारखाने वाढावे लागतात. हे काम महिनोन्‌महिने सावकाश पळून होतं. साबळेबद्दल सांगताना लोक त्याची सहा-एक किलोमीटरवरची शाळा आणि गरिबी सांगतात. ते खरंच आहे, पण शाळेची पायपीट अख्ख्या मराठवाड्याने केली आहे. तो ॲथलेटिक्सकडे वळला तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेल्यावर, विशी ओलांडल्यानंतर. विक्रमाच्या वेळी तो २६ वर्षांचा होता. मधल्या वर्षांतल्या शिस्तीच्या सरावाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा: 'जोरात पळायचं तर रोज जोरात पळावं.' नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ८० टक्के सराव हलका आणि जेमतेम २० टक्के कठीण निघाला. हलका म्हणजे पळता पळता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं इतका. दोन तासांत हाफ पूर्ण करायची असेल तर शर्यतीत किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात, पण असा धावक रोजचा सराव साडेसहा-सात मिनिटांच्या वेगाने करतो. आपल्याकडे त्याला 'काय रमतगमत चाललाय' म्हणून हसतात. हसू द्यावं.

दुसरा गैरसमज शर्यतीच्या दिवशीचा: 'सुरुवातीला ताजे असतो तेव्हा वेळ काढून ठेवायचा, पुढे दमल्यावर उपयोगी पडतो.' ५:४१ ऐवजी पहिले तीन किलोमीटर ५:१० ने काढले की दीड मिनिट गाठीला बांधल्यासारखं वाटतं. पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात आणि दर किलोमीटरला अर्धं मिनिट जायला लागतं. शेवटच्या पाच किलोमीटरांत अडीच मिनिटं गेली. कमावलं त्याहून जास्त गमावलं. वैयक्तिक विक्रम बहुतेक वेळा समान वेगानेच होतात.

ऊन हा तर आपला जुना वैरी. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा वेळ सुधारत नाही म्हणून खट्टू होणं व्यर्थ आहे. शरीर तापलं की उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं आणि स्नायूंच्या वाट्याला कमी येतं. विक्रमाचा प्रयत्न डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेसाठी राखून ठेवावा.

उन्हाच्या भीतीने 'जितकं पाणी प्याल तितकं चांगलं' हेही पसरलं आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं, आणि ते जास्त पाणी पिण्याशी जोडलेलं होतं. सोडियम फार उतरलं तर मेंदूला सूज येते, जीवही जातो. तहान लागेल तसं प्यावं. पोटरीत गोळा आला की मीठ-पाणी कमी पडलं असं ठरवून टाकतात, पण बऱ्याचदा दोष दमलेल्या स्नायूच्या बिघडलेल्या नियंत्रणाचा असतो. स्नायू हळूच ताणून धरला की गोळा सुटतो. शर्यत संपल्यावर जालन्याची मोसंबी जरूर खावी, गोळ्यावरचं औषध म्हणून नव्हे.

गुडघ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण घरचे हाच मुद्दा काढतात. २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात हौशी धावकांमध्ये गुडघा-खुब्याची झीज ३.५ टक्के, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आढळली. स्पर्धात्मक पातळीवरच्या धावकांत मात्र १३.३ टक्के. म्हणजे भीती दाखवणारे पूर्ण चूक नाहीत, फक्त त्यांचं बोट भलत्या माणसाकडे आहे.

राहिला विक्रमाच्या नोंदीचा प्रश्न. 'घड्याळाने २१.३ दाखवलं, म्हणजे आयोजकांनी जास्त पळवलं' ही तक्रार बक्षीस समारंभात हमखास ऐकू येते. प्रमाणित मार्ग खास मोजयंत्र लावलेल्या सायकलीने, कडेपासून ३० सेंटिमीटरवरून जाणाऱ्या सगळ्यात जवळच्या रेषेने मोजतात. वर, मार्ग तोकडा पडू नये म्हणून हजारात एक या हिशेबाने अंतर वाढवतात. हाफला ते २१ मीटर होतं. आपण वळणं बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, त्यात घड्याळाचा उपग्रहही चुकतो, म्हणून आकडा वाढतो. खरी शंका घ्यावी ती मोटारसायकलच्या मीटरवर मोजलेल्या मार्गाची. तिथे पाचशे मीटर कमी भरले की अर्ध्या गावाचा त्याच दिवशी विक्रम होतो. उतारालाही मर्यादा आहे: अधिकृत विक्रमासाठी सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीत किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त घट चालत नाही.

प्रमाणपत्रावर दोन वेळा छापलेल्या असतात. बंदूक उडाल्यापासूनची एक, आणि तुमच्या चिपने सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची दुसरी. स्वतःचा विक्रम दुसरीवर मोजावा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे नंबर मात्र पहिलीवर लागतो, तेव्हा बक्षिसावर डोळा असेल तर गर्दीत मागे फोटो काढत बसू नये.