गळू : आधी चिरा, मग गोळी

मांडीवर लिंबाएवढे गळू, जांघेत अवधान आणि खिशात अर्धी संपलेली कॅप्सूलची पट्टी. कापूस वेचणीच्या दिवसांत ताडकळसला माझ्याकडे असा रुग्ण हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, पाच दिवस गोळ्या खाल्ल्या, फरक नाही. जरा भारी द्या."

दोष गोळीचा नसतो. गळू म्हणजे पुवाची बंद पिशवी. तिच्या आत रक्त खेळत नाही, म्हणून प्रतिजैविक तेथे पुरेसे पोचत नाही. जागा बधिर करून चिरा द्यावा, पू काढावा. बहुतेकांना त्याच रात्री झोप लागते.

मग गोळ्या नकोतच का? आम्ही पूर्वी तसेच म्हणत असू. २०१६ मध्ये अमेरिकेतील पाच तातडीच्या विभागांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. गळू सर्वांचेच फोडले होते. नंतर को-ट्रायमोक्साझोल घेणारे सुमारे ८१ टक्के बरे झाले, औषध नसलेली गोळी घेणारे ७४ टक्के. म्हणजे गोळीने भर पडते; मुख्य काम चिऱ्याचेच. (सल्फाची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे.) वारंवार गळू होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. नाकावरचे, ओठावरचे केसतोड मात्र कधीही पिळू नये.

लाल, गरम, पसरणारी सूज वेगळी. तेथे पू साठलेला नसतो; प्रतिजैविकच लागते. मी सुजेच्या कडेने पेनाने रेघ ओढून देतो. दोन दिवसांनंतरही लाली रेघेबाहेर सरकत असेल तर परत यावे. थंडी वाजून ताप आला, वेदना असह्य झाल्या किंवा कातडी काळीनिळी पडली, तर तेवढेही न थांबता रात्रीच परभणीचे जिल्हा रुग्णालय गाठावे.